सुकलीआत्याच्या घमेल्यातले दाणे

"शेण गोळा करायला चालले," म्हटल्यावर बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला शेणात वाढणाऱ्या माश्यांचे कोष हवे होते. त्या कोषात मुंगीहून बारीक गांधीलमाशी अंडं घालते आणि तिची अळी आतल्या माशीला खाऊन टाकते. काय भारी आहे ना! पण नागपुरात गोठ्यांत औषध फवारतात, त्यात ती मरते. दोनदा मी बाटलीत ठेवलेल्या कोषांतून नुसत्या माश्याच निघाल्या. या खेपेलाही तेच झालं तर विषय बदलायचा, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. म्हणून फवारणी नसलेल्या गावाकडे निघाले.

गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे एटापल्ली. लालपरीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट, खिडकीबाहेर सागच साग. आलापल्लीच्या स्टँडवर भजी खाऊन घ्या, पुढे दुकानं विरळ होतात. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, रस्ते बंद पडतात.

एटापल्लीजवळच्या गावात मैत्रिणीच्या सुकलीआत्याकडे मुक्काम. पोचल्या पोचल्या अंगणाकडेचे शेणाचे सहा पो निवडून खुणेसाठी प्रत्येकात काडी खोचली. मग चार दिवस भात आणि लाखोळीची डाळ हाणत आतल्या अळ्यांचे कोष व्हायची नुसती वाट पाहिली. मी वेड्यासारखी खूश होते.

पाचव्या सकाळी पाहते तर अंगण गुळगुळीत सारवलेलं, वर रांगोळी! काड्या चुलीपाशी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काऊन रडून राह्यली, पोरी?"

"आत्या, माझं शेण कुठंय?"

"सारवलं ना! पाहुनी घरात अन् शेन अंगनात पडून, मले लाज वाटे."

"त्यात माझे कोष होते हो!"

"ते लाल दाने? ते सारवनात खुपतात. जुनं शेन घमेल्यात भिजवलं का वर तरंगतात. काढून ठेवले कोंबड्याइले." तिनं पानाचा द्रोण पुढे केला. काठोकाठ कोष! मी दिवसभर चिमट्यानं वेचले असते तरी इतके मिळाले नसते. मी आत्याला मिठी मारली. कोंबड्या हिरमुसल्या.

नागपुरात परतून कोष बाटलीत ठेवले, तर आठवडाभर माश्याच निघत राहिल्या. मी रडकुंडीला आले. विसाव्या दिवशी बाटली धुवायला उचलली, तर आत काळे ठिपके चालत होते. गांधीलमाश्या! लगेच फोन लावला.

"आत्या, आल्या! माश्या खाणाऱ्या आल्या!"

"मंग पाठव ना त्याइले इकडं, इथी माश्या लई हायेत!"

प्रबंधात लिहिलंय: 'कोष पाण्यावर तरंगवून वेगळे केले.' मॅडमनी विचारलं, ही पद्धत कुणाची? मी सुकलीआत्याचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यांनी ते स्वतःच्या पेननं त्या ओळीखाली लिहिलं.