आधी ब्रेक, मग गियर

नागपूर जिल्ह्यात गाडी चालवणारे ढीगभर असतील, पण गाडी थांबवता येणारा माणूस एकच, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत होतं. आणि तो एक कोण, हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. सगळी नोकरी सरकारी जीप चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी खापरखेड्याला घर बांधलं, एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि ब्रेक व गियर सोडून जगात बोलण्यासारखं काही आहे, हे मानायचंच नाकारलं. वळण आलं की सरळ रस्त्यावरच ब्रेक लावून वेग उतरवायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा, त्या वेगाला शोभेल तो गियर टाकायचा आणि मगच स्टिअरिंग फिरवायचं. "आधी ब्रेक, मंग गियर. दोघायले एकाच वेळी कामाले लावाचं नाई, जावई. एका खुर्चीवर दोन साहेब बसवल्यावानी होते." थांबताना शेवटच्या हातभर अंतरात ते पेडल इतकं अलगद सैल करत, की गाडी थांबली हे बाहेरची झाडं पाहून समजावं. शेजारी बसलेल्या मामींची मान तसूभर जरी पुढे झुकली तरी त्यांचा दिवस वाया जाई. मामींची मान खरं तर दुपारच्या झोपेनंही झुकायची, पण तिचाही दोष ते ब्रेकला देत.

मला भाची द्यायची की नाही, हे त्यांनी मला गाडी चालवायला लावून, स्वतः मागच्या सीटवर बसून ठरवलं. सीताबर्डीपासून खापरखेड्यापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी सगळे वाट पाहत होते. चप्पल काढता काढता त्यांनी निकाल दिला, "नापास. पोरगा मोडावर ब्रेक दाबते आन् उतारावर न्यूटल करते." माझ्या सासूबाईंचा चेहरा उतरला. "चुकलं," मी म्हणालो. तेव्हा ते पाणी पिऊन म्हणाले, "पन कबूल करते. देऊन टाका."

एकदा आम्ही सगळे भाड्याची जीप करून चिखलदऱ्याला गेलो होतो. परतताना ड्रायव्हर घाट चौथ्या गियरमध्ये उतरत होता, ब्रेकवर पाय ठेवून. ब्रेकचा जळका वास आला तसे मामा ओरडले, "थांबव गा! तिसऱ्यात घे, मंग दुसऱ्यात, आन् कडेले थांबव!" ड्रायव्हर कुरकुरला, "इतके वर्षं झाले काका, काही होत नाई." मामांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि चाकं थंड होईपर्यंत तासभर दगडांवर बसवलं. मामी म्हणाल्या, "आवो, लोकं हसून राह्यले." मामा म्हणाले, "हसू दे. हसणारे जित्ते राहते." पुढच्या वळणावर एक ट्रक दरीच्या कठड्याला टेकून उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर रस्त्यावर डोकं धरून बसला होता. आमच्यातलं कुणीच मग हसलं नाही. मामा उतरून त्याच्याजवळ गेले. मला वाटलं आता व्याख्यान देतील, पण त्यांनी त्याला नुसतं पाणी पाजलं.

मग मधुमेहानं त्यांचे पाय धरले. ते कुणाला काही बोलले नाहीत. एके सकाळी कामठी रोडवर, सिग्नलला, त्यांची गाडी पुढच्या शेअर ऑटोवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही. ऑटोवाला उतरून ओरडला, "काहून गा बुढ्या, ब्रेक नाई का तुले?" मामा खाली उतरले, त्याच्यापुढे हात जोडले आणि रस्त्याच्या कडेला बसून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. "याले काई समजतच नाई, जावई. ब्रेकवर आहे का कशावर आहे, मले वाकून पाहा लागते." त्यांच्या डोळ्यांत मी प्रथमच पाणी पाहिलं. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि ती पुन्हा कधी मागितली नाही.

महिन्याभरानं मला बोलावून म्हणाले, "तुमच्या मामीले गाडी शिकवा. मी शिकवली तर घरात भांडन होईन." मामी साठीच्या पुढे होत्या, आधी त्यांनी ही थट्टाच समजली. पण शिकल्या. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर मी शेजारी आणि मामा मागे. तोंड बंद ठेवायचं कबूल केल्यामुळे ते दर गियरला नुसता सुस्कारा टाकत. पुढे मामी त्यांना पायाच्या जखमेवरच्या पट्टीसाठी स्वतः नागपूरला नेऊ लागल्या. "कशी चालवतात?" मी एकदा विचारलं. "बैलगाडी," ते म्हणाले. आणि मग खिडकीबाहेर पाहत, "पन मले भेव नाई वाटत."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता मामींनीच त्यांना मागे झोपवलं आणि निघाल्या. वाटेत ते दोनदा बोलले. दोन्ही वेळा "सावकाश वं, घाई करू नको" एवढंच. मामींनी ऐकलं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तेरवी झाल्यावर पंधराएक दिवसांनी मी गेलो, तर मामी ओट्यावर बसल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "जावई, मी त्यायचं नसतं ऐकलं, जोरात नेलं असतं, तं?"

'काही फरक पडला नसता' हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. पण मी म्हणालो, "मला माहीत नाही, मामी."

"मलेही नाई," त्या म्हणाल्या.

 ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "जेवूनच जा. एकटीसाठी भाकरी थापाची अजून सवय नाई झाली."