शेणात बसवलेला मासा

पनवेलला आमच्या नव्या घराची इमारत उभी राहत होती, नव्वदच्या आसपासची गोष्ट. बांधकामावरची एक बाई आपल्या झोपडीत टाइल्सचे फुटके तुकडे शेणामातीत बसवत होती. प्रत्येक तुकडा दगडावर घासायची, त्याची कड स्वतःच्या गालावरून फिरवून बघायची, मगच लावायची. एवढी निगुत आमच्या मिस्त्रीकडे नव्हती. जमिनीवर निळा-पांढरा मासा उमटला होता आणि त्यावर तिचं पोर रांगत होतं.

मी म्हटलं, "इमारत झाली की झोपडी मोडतील ना?"

"मोडतील. पन पोर आता रांगतंय, नाय का?" मान वर न करता ती म्हणाली.

नव्या घरात लावू म्हणून मुलीची चित्रं आम्ही चार वर्षं ट्रंकेत ठेवली होती. त्या संध्याकाळी मी भाड्याच्या खोलीत पहिला खिळा ठोकला.