फेब्रुवारीतली खूण

कुरामोचीबाईंचा आकडा चुकत नाही, असं आमच्या सेंदाईच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. मी तिथला काचकाम करणारा. बाई एकतीस वर्षं अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणांची घनता मोजत होत्या, तीही पाचव्या दशांशापर्यंत. अक्षर मोत्यासारखं, जिभेला मात्र धार. त्यांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते.

नागुमो नावाची मुलगी डॉक्टरेटसाठी तीच मोजमापं नव्या यंत्रावर करत होती. तिचा आकडा दर वेळी बाईंच्या जुन्या आकड्यापेक्षा शेवटच्या घरात तीनने कमी यायचा. पोरीने यंत्र चारदा धुतलं, मिश्रण सहादा बनवलं. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता.

बुधवारी जेवताना तिचे मार्गदर्शक इवाबुची सर यांनी तिला सगळ्यांदेखत झापलं. "बाईंच्या आकड्यांवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि तू त्यांची चूक काढणार? पदवीचं पुढच्या वर्षी बघू."

"सर, मी खरंच नीट मोजलंय हो," नागुमो म्हणाली. मला सरांचा असा राग आला!

बाईंनी भाताचा गोळा डब्यात परत ठेवला. "माझे कुठल्या वर्षाचे आकडे घेतलेस गं?"

नागुमोने वर्ष सांगितलं. बाई उठल्या आणि कपाटातून त्या वर्षाची वही घेऊन आल्या. दर फेब्रुवारीत मिश्रणाचं तापमान बघायचा थर्मामीटर कुटलेल्या बर्फात बुडवायचा, शून्य दाखवतोय ना ते बघायचं आणि वहीत खूण करायची, हा आमचा शिरस्ता.

सरांनी पान बघितलं. "ही काय, खूण आहे की!"

"खूण आहे. तपासणी झाली नव्हती." बाईंचा आवाज अगदी खाली आला. "त्या आठवड्यात आमचे हे गेले. घरी त्यांच्या अंगाभोवती बर्फ रचला होता. मला बर्फाकडे बघवेना. पुढच्या वर्षी तपासलं, तर थर्मामीटर चार शतांश अंश जास्त दाखवत होता; म्हणजे मिश्रण खरं तर तेवढं थंड, आणि घनता तीनने जास्त. ते आकडे घेऊन झाल्यावर कधीतरी बिघडला असेल, अशी सतरा वर्षं मनाची समजूत घालत आले."

"बाई, हे बाहेर गेलं तर तुमचं नाव..."

"नाव माझं आहे ना? मग जाऊ दे. पोरीचं वर्ष का घालवता?"

त्यांनी खुणेवर दोन रेघा ओढल्या आणि दुरुस्ती आपलीच हे दाखवायला शेजारी आपल्या नावाचा शिक्का उमटवला. मग पान उलटलं. त्या वर्षाचे दोनशे बारा आकडे होते. बाई एकेकावर रेघा ओढून शिक्का मारत गेल्या, आणि नागुमो रडत रडत शाईची डबी धरून उभी राहिली.