किलोला वाटीभर मिरपूड

माझ्या धाकट्या बहिणीचं, नंदाचं, जमत आलेलं लग्न धोक्यात आणायला मला फक्त एक वाक्य लागलं. (याआधीची दोन स्थळंही माझ्याच जिभेनं घालवली होती, पण त्या मुलांविषयी तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं.)

साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असेल. मी कोल्हापुरात हायस्कुलावर इतिहास शिकवायचो. मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगूडचा, दूध संस्थेत नोकरीला, आणि नंदानं त्याला बघून पहिल्यांदाच "चालंल" असं म्हटलं होतं. आमच्या घरात यापेक्षा मोठी प्रेमकथा झालेली नाही. बोलणी करायला मुलाचे थोरले चुलते आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. जुने पैलवान, कान मोडलेले, आणि त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. चहा पिता पिता ते म्हणाले, "रश्श्याला मिरची घालावी तर आमच्या रानातली. पणज्याच्या पणज्यापास्नं चालत आलीया. मूळची हितल्याच मातीतली."

इथे शहाणा माणूस बशी तोंडाला लावतो. मी म्हणालो, "मिरची मूळची आपली नव्हे, तात्या. पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात उतरली आणि घाट चढून इकडं आली. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, सगळे समुद्रापलीकडचे."

तात्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे आमचं वाडवडील आळणी खाईत हुतं?"

"मिरी वापरत असतील."

"असतील न्हवं. रांधून दावा. ऐतवारी येतो. मिरची न्हाय, टोमॅटो न्हाय, त्यातलं काय बी न घालता मटण करा. मग बघू सोयरीक करायची का न्हाय ते."

ते गेल्यावर नंदा दारात उभी राहिली. "दादा, ही सोयरीक मोडली तर तुझा कोण तो पोर्तुगीज हाय, त्याच्याशी माझं लगीन लावून दे." तिचे डोळे भरले होते आणि मला खरोखर लाज वाटली. पण लाज वाटली की मी आणखी हट्टाला पेटतो, हा माझा जुना दुर्गुण.

रविवारी सकाळीच मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मटण पुरुषांनी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज, त्यामुळे कुणाला अडवता येईना. आता आमच्या घरी किलोला वाटीभर चटणी पडते. (चटणी म्हणजे कांदा-लसणीचा लाल मसाला. वाटीभर म्हणजे पाहुणे असल्यावर शीग लावून.) मिरचीच्या जागी मिरी घालायची, तर माप तेच. किलोला वाटीभर मिरपूड. मटण दोन किलो होतं.

"अरं, मिरी चिमटीनं घालत्यात," आई म्हणाली.

"ते काढ्याला गं."

मिरी कुटताना मला इतक्या शिंका आल्या की नाक आणि जीभ दोन्ही बधिर झाली. चाखून पाहिलं तर काहीच लागेना. म्हणून मी आणखी थोडी घातली.

दुपारी तात्या आणि मुलगा ताटावर बसले. रश्श्याचा रंग आमच्या शाळेतल्या फळ्यासारखा झाला होता. मुलानं एक घोट घेतला, वाटी हळूच खाली ठेवली आणि दाराआडच्या नंदाकडे निरोप घेतल्यासारखं बघितलं. तात्यांनी मात्र अख्खी वाटी एका दमात संपवली. आधी त्यांचे मोडलेले कान लाल झाले, मग मान.

"कसं झालंय?" मी विचारलं.

कोल्हापूरचा माणूस एक वेळ चोरी कबूल करील, पण तिखट लागलं असं म्हणणार नाही.

"आळणी हाय," तात्या म्हणाले. आवाज फार बारीक आला.

एवढं कळूनही मी दुसरी वाटी ओतली. तेही नको म्हणाले नाहीत. ती प्यायल्यावर त्यांनी ताटाची कड दोन्ही हातांनी धरली आणि डोळ्यांना धारा लागल्या. आई देवाचं नाव घेऊ लागली. मला लग्नाचा विसर पडून तात्यांच्या जिवाचीच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात नंदा पातेलं घेऊन बाहेर आली. सकाळपासून शेजारच्या वहिनींच्या चुलीवर तिनं गुपचूप नेहमीचा तांबडा रस्सा केला होता.

"तात्या, ह्यो घ्या. जरा फिक्का हाय."

बाहेरगावच्या माणसाला रडवणारा तो तांबडा रस्सा तात्या ताकासारखे प्यायले. तीन वाट्या. मग टॉवेलनं तोंड पुसलं. नंदानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"मास्तर, तुमचा इतिहास खरा असंल," ते शेवटी म्हणाले. "आली असंल मिरची भाईरनं. पर घर तिनंच सांभाळलं की." मग नंदाकडे बघून म्हणाले, "सून बी भाईरनंच येती. पोरगी पसंत हाय. फकस्त लग्नात मास्तरानं आचाऱ्याजवळ फिरकायचं न्हाय."

लग्न झालं. मला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ उभं केलं होतं.

अजूनही मुरगूडला गेलो की तात्या स्वतः मला रस्सा वाढतात, वरून चमचाभर मिरपूड टाकतात आणि सगळ्यांदेखत विचारतात, "मास्तर, तिखट न्हाय न्हवं?"

मीही कोल्हापूरचाच. डोळे पुसत म्हणतो, "आळणी हाय."

मग ते दुसरी वाटी ओततात.