बरी झाली की खोली सोडायची

जानीमावशीला बरं व्हायचं नव्हतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. (नाव बदललंय. तिची परवानगी आता घेता येत नाही, म्हणून.)

ती जव्हारकडच्या डोंगरातली. वीटभट्टीच्या कामाला नवऱ्याबरोबर खाली आली. नवरा वारला, दिराने परत घरात घेतलं नाही.

मग बोईसर स्टेशनजवळ एका बंद दुकानाच्या शटरखाली. कित्येक वर्षं.

शुगर होती. पायाला जखम झाली आणि चिघळत गेली.

आमचं काम तिघांचं मिळून चालतं. आमची छोटी संस्था, सरकारी दवाखाना आणि तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावातलं महिला मंडळ. रस्त्यावरच्या पेशंटला नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. पाय सुका ठेवायचा तर डोक्यावर छप्पर लागतं.

म्हणून मंडळाच्या भारतीकाकींनी घरामागची खोली दिली. दवाखान्याच्या सिस्टर ड्रेसिंग करायच्या. ने-आण आणि समजावणं माझ्याकडे.

नियम एकच. उपचार चालू तोवर खोली. बरं झालं की ती पुढच्या पेशंटला.

हा नियम जानीमावशीला मीच सांगितला. सोप्या शब्दांत, दोनदा. तिने मान हलवली.

पहिले काही दिवस ती उंबऱ्यावरच बसून होती. खोलीला खिडकी एकच, तीही पाठच्या भिंतीकडे उघडणारी. सुक्या मासळीचा वास.

"कोंडल्यावानी वाटतं गं," म्हणाली.

मग एका दुपारी गेले तर दार आतून बंद. मी घाबरले, जोरजोरात वाजवलं. तिने शांतपणे उघडलं.

"काय झालं मावशी?"

"काय नाय. कडी लावून बसलेली."

"का?"

"लावता येते म्हणून."

जखम भरायला लागली. सिस्टर खूश होत्या. "बघ, महिन्याभरात मोकळी होशील," म्हणाल्या.

जानीमावशी पायावरची पट्टी बघत राहिली.

पुढच्या ड्रेसिंगला जखम ओली. त्याच्या पुढच्यालाही ओली. सिस्टर चिडल्या, शुगर तपासली, गोळ्या बदलल्या. मी काकींना विचारलं, पाय पाण्यात जातो का हिचा?

काकी ओशाळल्या. "मीच बोलली होती तिला, बसून बसून पाय आखडंल, जरा हात लाव कामाला. पण बोंबील टांगायला बोलली. पाण्यात उतर बोलली नाय."

एकदा मी न सांगता गेले. अंगणात वलांडीवर, मासळी सुकवायच्या आडव्या बांबूवर, बोंबील टांगलेले, बाजूला मासळी धुतलेल्या खाऱ्या पाण्याचं मोठं घमेलं. पट्टी सोडून दगडावर ठेवलेली. आणि जानीमावशी घमेल्यात पाय सोडून बसलेली.

वेदनेने तिचे ओठ दाबलेले होते. तरी पाय बाहेर काढत नव्हती.

"मावशी, अगं पाय जाईल तुझा."

"पाय गेला तर ठेवशील ना इथं?"

मी पाय धरून बाहेर काढायला गेले. तिने माझा हात सारला.

"बरी झाली की मला कुठं टाकणार, ते सांग. मग काढते पाय."

मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. तिला बरी झाल्यावरही राहू द्या म्हटलं.

आमच्या संस्थेचे सर म्हणाले, "मग त्या शटरखालच्या तापाच्या माणसाचं काय करू?"

तो माणूस मीही पाहिला होता. खोकून खोकून वाकलेला. सर खोटं बोलत नव्हते.

सिस्टर म्हणाल्या, "खोली एक, पेशंट दहा. माझ्यावर चिडू नको."

चिडायला कोणी सापडलंच नाही. सगळ्यांचं बरोबर होतं, आणि त्या सगळ्या बरोबरच्या मध्ये एक बाई खाऱ्या पाण्यात पाय बुडवून बसली होती.

शेवटी एक महिना वाढवून मिळाला. मी धावत सांगायला गेले.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग बघू."

"बघू म्हंजे नाय," ती हसून म्हणाली. "तू चांगली हाय. पण तुज्याकडं पण घर नाय ना मला द्यायला."

त्या महिन्यातच ताप चढला. दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. तिथेच ती गेली.

शाळेत जायच्या आधी मला आजोबांनी घरी शिकवलं. पाटीवर वाक्य लिहून घ्यायचे आणि विचारायचे, "हे तू पाहिलंस का? नसशील तर पूस."

म्हणून तिने स्वतःचा जीव घेतला असं मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, शुगरने हे तसंही झालं असतं कदाचित. मला माहीत नाही. मी एवढंच पाहिलं की ती बरी होत होती, आणि तिला त्याची भीती वाटत होती.

बॉडी घ्यायला घरचं कोणी आलं नाही. भारतीकाकी टमटमने आल्या. वॉर्डातल्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण पेशंटच्या?"

"घरवाली."

"म्हणजे?"

"माज्या घरात राहायची. आजून काय पायजे?"

आता त्या खोलीत टीबीचा एक पेशंट आहे. एमआयडीसीत हेल्पर होता. गोळ्या नीट घेतो, वजन वाढलंय. परवा मला हळूच म्हणाला, "दीदी, रिपोर्ट अच्छा आया तो फिर किधर?"

नियम तोच आहे.

काकी म्हणतात, "मी नाय काढणार त्याला." सर म्हणतात, मग पुढचा कुठे ठेवू? स्टेशनजवळ पुढचा आहेच. त्याचं नावही मला माहीत आहे.

उद्या मीटिंग आहे. दुसरी खोली मिळेपर्यंत मी कोणालाच "बरं झालं की निघायचं" हे समजावायला जाणार नाही, असं सांगणार आहे. ते काय म्हणतील माहीत नाही.

जानीमावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आमच्याकडे नाही.

तू जिथे असशील तिथे तुला कोणी जागा खाली करायला सांगू नये.

नमस्कार, मावशी.