सिरोंच्याच्या वाटेवर माशांचं बीज आणि एक नाका

सिरोंच्याला नणंदेकडे जायचं कितीदा ठरलं आणि कितीदा मोडलं, याचा हिशेब आता आम्ही सोडून दिलाय. भद्रावतीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि ते एक दिवस बंद ठेवायचं म्हटलं की युसूफ, म्हणजे माझा नवरा, बुडणारी विक्री मोजायला बसतो. यंदा ऑगस्टात पावसाने उघडीप दिली. मीच शटर खाली ओढलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. पाच मिनिटं कुरकुर करून तोही आला.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. चंद्रपूर, मूल, मग हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून चामोर्शी, पुढे आष्टी, आलापल्ली आणि सिरोंचा. पहाटे निघा. मूलला तर्री-पोहे खाऊन घ्या, शंभराच्या नोटेत दोघांचं पोट भरतं. पेट्रोल चामोर्शीलाच भरा. आलापल्लीनंतर रस्त्याने आमच्या जुन्या व्हॅनचा एकेक नटबोल्ट मोजून घेतला, तेव्हा पाठीला उशी हवीच. मूलपासून दोन्ही बाजूंना धान इतका हिरवा होता की युसूफसारखा माणूससुद्धा दुकान विसरला.

मूल सोडल्यावर थोड्या अंतरावर एक छोटा टेम्पो रस्त्याकडेला बंद पडलेला दिसला. सावलीत गोणपाटावर पाण्याने फुगलेल्या प्लास्टिकच्या आठ-दहा थैल्या ठेवल्या होत्या आणि एक म्हातारं जोडपं त्यांना पदराने, टॉवेलने वारा घालत होतं. माणसांना वारा घालताना पाहिलंय, थैल्यांना कधी पाहिलं नव्हतं. गाडी थांबवली.

"माशाचं बीज हाय बाई," म्हातारी म्हणाली. "आष्टीच्या पुढं आमचं गाव. गावच्या तलावात सोडाचं हाय. ऊन चढलं का मरते."

तिचं नाव सोनाबाई, नवऱ्याचं कवडूभाऊ. थैलीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरून तोंड घट्ट बांधलेलं आणि आत जिऱ्याएवढी पिल्लं. गावातल्या सगळ्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, घरांनी मिळून आणलेलं. हे जगलं तर पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात मासा, नाहीतर सगळ्यांनी मजुरीला जायचं. आम्ही मागची सीट काढली, थैल्या ठेवल्या, वर ओली गोणपाटं टाकली आणि दोघांना त्यांच्याशेजारीच बसवलं. टेम्पोवाला मिस्त्रीची वाट बघत तिथेच थांबला. वाटेभर सोनाबाई दर थोड्या वेळाने थैलीला कान लावत होती. "हालून राह्यले," म्हणायची आणि गोणपाट पुन्हा नीट करायची.

आष्टी ओलांडल्यावर पोलिसांचा नाका लागला. नक्षली भाग म्हणून इथे तपासणी असतेच, त्यात नवल काही नाही. युसूफने लायसन्स आणि गाडीचे कागद दिले. मी आमची दोन्ही आधार कार्डं पुढे केली. आमच्या घरात कुणी घराबाहेर पडताना चप्पल विसरेल, कार्ड विसरणार नाही. आमची नावं वाचली की बहुतेक ठिकाणी दोन प्रश्न जास्त येतात. सवय झाली आहे, पण सवय झाली म्हणून टोचत नाही असं नाही.

हवालदाराने मागे बघितलं. "तुमचं आधार?"

कवडूभाऊंनी सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. आत काही नव्हतं.

"घरी हाय साहेब. बीज आणाले जाताना खिशात काईच नेत नाई. पैसे पन दुसऱ्याकडे देतो. बापापासूनची रीत हाय आमच्या घरची. खाली खिशानं गेलं तं तलाव भरते."

"आणि बाईचं?"

"तिचं पन घरीच. तिच्या लुगड्याच्या गाठीत पन काईच नसते."

मला हसू येत होतं आणि रडूही. हवालदार हसला नाही. दोघांना बाजूला बसायला सांगून तो गावच्या पोलीस पाटलाला फोन लावू लागला. एकदा रेंज नाही, एकदा उचलत नाही. पाटील शेतात असणार, धानाच्या रोवणीचे दिवस. इकडे ऊन थेट गाडीत शिरलं. सोनाबाईने गोणपाटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गरम होऊन राह्यलं बाई."

मग माझ्या जिभेला कुलूप राहिलं नाही. माझी चुलत बहीण वकील आहे, तिच्याकडून ऐकलेलं मी सगळं सुनावलं. गाडी चालवणाऱ्याने कागद दाखवायलाच हवेत. पण आत बसलेल्या माणसाने ओळखपत्र कायम जवळ बाळगलंच पाहिजे, असा सरसकट कायदा नाही. नाव-पत्ता विचारा, तो त्यांनी सांगितलाय. युसूफ मागून माझी ओढणी ओढत होता.

"मले मालूम आहे ताई," हवालदार शांतपणे म्हणाला. "सक्ती नाई. पण इथी मी न विचारता सोडलं आणि उद्या काई झालं, तं मले विचारतीन ना, काऊन सोडलं म्हणून? मी पन इथलाच आहे. मले पन समजते बीज मरते ते." त्याने कपाळ पुसलं. "यांची हमी कोण घेते?"

"मी घेते."

त्याने माझं कार्ड पुन्हा हातात घेतलं, नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी त्या दोन जास्तीच्या प्रश्नांची वाट बघत उभी राहिले.

"कधीपासून ओळखता यायले?"

"आज सकाळपासून."

"सकाळपासून? आणि हमी घेऊन राह्यल्या?"

"साहेब, सगळ्या गावाचं वर्षाचं पोट त्यांनी माझ्या गाडीत ठेवलं," मी म्हणाले. "त्यांनी कुठे माझं कार्ड बघितलं होतं?"

त्याने कार्ड मला परत दिलं. चौकीत गेला आणि बाहेर आला तो पाण्याची कॅन घेऊन. ती त्याने स्वतःच्या हाताने गोणपाटांवर रिकामी केली. मग दोघांची नावं, गाव आणि माझा फोन नंबर लिहून घेतला आणि आडवा बांबू वर केला. "हळू चालवा भाऊ," तो युसूफला म्हणाला, "पण लवकर जा."

तलावावर निम्मं गाव उभं होतं. थैल्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईस्तोवर. मग कवडूभाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि एकेक तोंड सोडत गेले. दोन थैल्यांतली पिल्लं मेली होती. बाकीच्यांतून पाण्यात बारीक थरथर पसरत गेली. सोनाबाई काठावर खाली बसली आणि मोकळेपणाने रडली. आम्हाला भात आणि माशाचं कालवण खाऊ घातल्याशिवाय तिने सोडलं नाही.

सिरोंचाही छान झालं. प्राणहिता आणि गोदावरी मिळतात तिथे संध्याकाळी नक्की जा, बाजारात तेलुगू कानावर पडू द्या, सकाळची इडली चुकवू नका. परतताना त्याच नाक्यावर दुसरेच पोलीस होते. त्यांनी कार्डं मागितली, मी दिली. विचारणाऱ्याचंही काम असतं, हे आता मला जरा जास्त कळतं. मात्र त्या दिवशीच्या हवालदाराला धन्यवाद म्हणायचं राहून गेलं, ते इथे म्हणते. माझा शब्द कुणी कागदासारखा चालवून घेतला, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

घरी आल्यावर आठवड्याने दुकानात फोन आला. सोनाबाई होती. नाक्यावर लिहून घेतलेला नंबर पोलीस पाटलाकरवी मिळवला म्हणाली. पिल्लं बोटाएवढी व्हायला वेळ आहे, पण खायला वर येतात, तोंडं दिसतात.

"बाई, पोरगा फोनमंदी तुमचा नंबर ठेवून राह्यला," ती म्हणाली. "नाव काय टाकू? आमी तं इचारलंच नाई."

मी नाव सांगितलं. शमीम.

"बरं," सोनाबाई म्हणाली. "तिकडं पाऊस हाय का, शमीमबाई?"