शून्य मिनिटांचा खोळंबा

माझ्या मावशीचा कॉम्प्युटर सकाळी नऊला सुरू होतो, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे नऊला ती बटण दाबायची. तो सुरू व्हायचा त्याच्या मनात येईल तेव्हा.

आमचा बुटांचा कारखाना आहे. म्हणजे मालकांचा आहे, आम्ही तिथे राबतो. एक पाय आखूड, एक टाच वाकडी, अशा ज्या लोकांना दुकानातले बूट चालत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही मापाबरहुकूम जोड बनवतो. मापं मावशी घेते आणि कॉम्प्युटरमध्ये ठेवते. मी तिच्या शेजारच्या टेबलावर तसल्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये तयार जोडांची नोंद ठेवते. ही नोकरी मला तिनेच लावून दिली, त्यामुळे तिच्याविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही. म्हणून लिहितेय.

तिचं यंत्र चौदा वर्षांचं. बटण दाबलं की ती पिशवी अडकवायची, टेबल पुसायची, कुंडीला पाणी घालायची आणि मग नणंदेला फोन लावायची. नणंदेचं गुडघ्यांचं पुराण संपत आलं की पडद्यावर उजेड दिसायचा. मग मापांचा प्रोग्रॅम उघडायला लावायचा, आणि नणंदेने सुनेचं पुराण सुरू करायचं. दुपारी तो कॉम्प्युटर एकदा तरी अडकायचाच. मावशी त्याच्या अंगाला हात लावून "तापलाय गं," म्हणायची आणि टेबलफॅन स्वतःकडून त्याच्याकडे वळवायची. आमच्या काकांकडे तिने कधी पंखा वळवलेला मी पाहिलेला नाही. पण रोज मरे त्याला कोण रडे! कारखान्यात कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एकदा मालकांनी विषय काढला. नवे कॉम्प्युटर घ्यावेत, नवा प्रोग्रॅम घ्यावा, पायाचा फोटो काढला की माप आपोआप. "आणि ज्यांना जमणार नाही," ते सहज म्हणाले, "त्यांच्यासाठी सोल चिकटवायच्या टेबलावर काम आहेच."

त्या चिकटवणीच्या नुसत्या वासाने मावशीचं डोकं उठतं, आणि निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. त्या दिवसापासून तिने त्या खोक्याचं वकीलपत्रच घेतलं. "जुनं ते सोनं," ती येता-जाता ऐकवायची.

मालकांचा एक मेहुणा आहे, पक्का उंटावरचा शहाणा. पण या वेळी तो शहाण्यासारखं बोलला. "यंत्र म्हातारं झालं म्हणून बदलू नका," तो म्हणाला, "ते माणसांचा वेळ खायला लागलं की बदला." झालं! मालकांनी प्रत्येकीच्या हाती एक कागद दिला. तारीख, खोळंबा किती मिनिटं, कारण. आठवडाभर भरायचं.

शनिवारी सकाळीच मावशीच्या कागदावर सहा दिवसांची सहा शून्यं होती, त्या दिवसाचं शून्यही तिने आधीच लिहून टाकलं होतं.

"मावशी, अगं काय हे?"

"खोटं आहे का? खोळंबा म्हणजे माणूस हात जोडून बसायला हवं. मी कधी रिकामी बसते का?"

मीही शून्यंच लिहिली होती. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत विणता विणता माझा त्या खुर्चीत तिसरा स्वेटर चालू होता.

मालकांनी कागद बघितले आणि खूश झाले. "अरे, हे कॉम्प्युटर तर ठणठणीत आहेत! दोन वर्षं तरी हात लावायला नको." मावशीचा चेहरा असा खुलला, की मला तिची शून्यं क्षणभर पटलीच.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला आमचे जुने गिऱ्हाईक पोस्टमन आले. त्यांचा डावा पाय दीड इंच आखूड. चालून चालून टाच झिजली की नवी बसवून घ्यायला येतात. बूट आत कारागिराकडे दिले आणि मोजे घातलेले पाय बाकाखाली घेऊन बसले. टाचेची उंची कॉम्प्युटरमधून काढायची, आणि कॉम्प्युटर अडकला. मावशीने पंखा वळवला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पन्नास मिनिटं गेली.

"भाऊ, तुम्हाला उगाच बसावं लागलं," मावशी म्हणाली.

"नाही हो ताई, ठरलेलंच आहे. इथे यायचं म्हणजे मी अर्धी रजाच टाकतो. सात वर्षं झाली."

"दर वेळी?"

"वर्षातून चार वेळा. बायको म्हणते, बूट शिवायला जाता की पाय?" ते हसले. मग मोज्याचं भोक बोटाने झाकत म्हणाले, "यंदा मुलीच्या बक्षीस समारंभाला मात्र रजा उरली नाही. चालायचंच. बुटांशिवाय टपाल कसं वाटणार?"

मावशी हसली नाही. बूट तयार झाले, पोस्टमन गेले, तरी ती पडद्याकडे बघत बसली होती. मला तिची फार दया आली, आणि तिचा रागही आला, कारण मीही तितकीच गुन्हेगार होते.

मग ती उठली आणि मालकांच्या खोलीत जाऊन तिने आपला कागद परत मागितला. मीही मागोमाग गेले. शनिवारचं शून्य खोडून तिने पन्नास लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं : गिऱ्हाईक बसून होतं.

"पण बाई," मालक म्हणाले, "हा तुमचा खोळंबा नाही."

"माझा नाहीच. म्हणून तर मला इतकी वर्षं दिसला नाही."

मालकांनी कागद उलटसुलट केला. "नवं जमेल तुम्हाला?"

"खरं सांगू? मला भीती वाटते. नाही जमलं तर चिकटवायला पाठवा, मी तोंडाला फडकं बांधून बसेन. पण माझी दोन वर्षं सुखाने जावीत म्हणून त्या माणसाच्या रजा खाऊ नका."